अटारी की ॲक्टिव्हिजन: सुरुवात कुणाची जास्त अवघड?

या दोन अमेरिकी व्हिडिओ गेम कंपन्यांपैकी माझ्या मते अटारीचीच. १९७२मध्ये नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी प्रत्येकी २५० डॉलर घालून ती काढली. सनीव्हेलच्या एका बारमध्ये ठेवलेलं तिचं ‘पाँग’ हे नाणं टाकून खेळायच्या गेमचं यंत्र बंद पडलं, उघडून पाहिलं तर नाण्यांचा डबा गच्च भरलेला! गिऱ्हाईक होतं, पण प्रत्येक यंत्रासाठी टीव्ही, पेटी, सुटे भाग आधी पदरचे पैसे घालून आणायचे. १९७६मध्ये कंपनी वॉर्नर या मनोरंजन कंपनीला विकली गेली.

ॲक्टिव्हिजन १९७९ची. भांडवल गुंतवणूकदारांचं, टीव्हीला जोडून खेळायची अटारीची यंत्रं घरोघरी आधीच पोचलेली. बनवायची फक्त त्यांत घालायची कार्ट्रिजं, म्हणजे गेम असलेल्या डब्या. मात्र संस्थापकांतले चार प्रोग्रॅमर अटारीतूनच फुटलेले, त्यामुळे अटारीने कोर्टात खेचलं. अटारीत श्रेय न मिळाल्याचा या प्रोग्रॅमरांचा राग रास्तच होता. ॲक्टिव्हिजनच्या माहितीपुस्तिकेत गेम बनवणाऱ्याचं नाव छापलं जाऊ लागलं.