लातूरला नीट रिपीट केलं: वर्षभरानंतरचा अनुभव

आधी नीटचे, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचे आकडे, कारण सगळे तेच विचारतात. ७२० पैकी २०२४ ला ५२७, २०२५ ला ५३१. गावाकडं अजून लोक म्हणतात, चार मार्कांसाठी पोरीनं वर्ष घातलं. पण पहिल्या वेळी माझी रँक दीड लाखाच्या पलीकडं होती आणि दुसऱ्या वेळी तीस हजारांच्या आत आली. २०२४ चा निकाल पहिल्यांदा लागला तेव्हा ६७ जणांना ७२० पैकी ७२० होते, २०२५ ला देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६. पेपरच, विशेषतः फिजिक्स, इतका कडक निघाला की मार्क सगळ्यांचेच खाली आले. म्हणून ‘रिपीट करून किती वाढले’ हा प्रश्न मार्कांवर विचारायचाच नाही, रँकवर विचारायचा. टेस्ट सिरीजमध्येही मी बॅचमधला नंबरच बघायचे.

आता रिपीटर बॅचबद्दल. ट्यूशन एरियातल्या एका क्लासला होते, नाव लिहीत नाही. शिकवणं चांगलं होतं, पण तेच धडे वर्षभरापूर्वी एकदा ऐकलेले. पहिले काही आठवडे ओळखीचं वाटतं, मान डोलते, आणि आपल्याला येतंय असा भास होतो. रिपीटरला लेक्चरपेक्षा टेस्टचा उपयोग जास्त, हे माझं ठाम मत. लातूर पॅटर्न म्हणून जे नाव झालं, त्याचाही कणा परीक्षेमागून परीक्षा घेणं हाच आहे. फी भरताना लेक्चर किती हे विचारू नका. फुल सिलॅबसच्या टेस्ट कधीपासून सुरू होतात, ओएमआरवर, म्हणजे गोल काळे करायच्या उत्तरपत्रिकेवर घेतात का, आणि पेपर तपासून झाल्यावर तुमच्या चुका घेऊन कुणी बसतं का, एवढं विचारा. आमच्याकडं पहिल्या दोन गोष्टी होत्या, तिसरी नव्हती. ती स्वतःच करावी लागली.

ती अशी. टेस्ट दुपारी दोनपासून, खऱ्या नीटच्याच वेळेला. संध्याकाळी चहा झाला की पेपर पुन्हा उघडायचा आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढं एक अक्षर लिहायचं: ‘न’ म्हणजे येतच नव्हतं, ‘घ’ म्हणजे येत होतं पण घाईत गेलं, ‘अ’ म्हणजे अंदाज मारला. महिनाभरात चित्र स्पष्ट झालं. बायोलॉजीत ‘घ’ जास्त, फिजिक्समध्ये ‘अ’. दोन्हींवर औषध वेगळं. बायोलॉजीसाठी एनसीईआरटीचं पाठ्यपुस्तक पुन्हा ओळ न ओळ, आकृत्यांखालच्या मजकुरासकट, आणि ‘खालीलपैकी चुकीचे विधान कोणते’ असल्या प्रश्नांत ‘चुकीचे’ शब्दाला पेनानं गोल. फिजिक्ससाठी नवीन काही शिकण्याआधी न येणारे प्रश्न सोडून द्यायला शिकले. बरोबरला ४, चुकलं तर वजा १. एक प्रश्न सुटला म्हणजे अंदाजानं चुकवलेले चार भरून निघतात एवढंच, हातात काही उरत नाही.

निकालातही ते दिसलं. उत्तरतालिकेशी ओएमआर ताडून बघितला तर २०२४ ला फिजिक्समध्ये एकही प्रश्न सोडला नव्हता आणि १५ चुकले होते. २०२५ ला ११ सोडले, ८ चुकले. फिजिक्सचे मार्क तरीही १०५ वरून ९६ वर आले, पण त्या पेपरला ते चालून गेले. बायोलॉजी २९० वरून ३१८. केमिस्ट्री उलट उतरली, १३२ वरून ११७. तिथं मला वर्षभर काही खास सापडलं नाही, खरं सांगते.

एक गोष्ट मध्येच बदलली. २०२४ पर्यंत प्रत्येक भागात ‘ब’ विभाग असायचा, १५ पैकी १० सोडवा, आणि वेळ २०० मिनिटं. जानेवारी २०२५ ला परीक्षा घेणाऱ्या एनटीएनं सांगितलं की पर्याय बंद, १८० प्रश्न आणि १८० मिनिटं. अर्धं वर्ष जुन्या सवयीनं टेस्ट दिल्या होत्या. त्यात हॉलमध्ये घड्याळ नेता येत नाही. तेव्हापासून मनगटावरचं काढून भिंतीवरच्या घड्याळावर सराव केला. बायो ५० मिनिटांत, ओएमआर तिथल्या तिथं भरत जायचा, शेवटाला साठवायचा नाही.

सीनियरच्या झेरॉक्स नोट्स घेताना जपून. २०२४ पासून अभ्यासक्रम कापला, बरेच धडे गेले. मला मिळालेल्या गठ्ठ्यात सॉलिड स्टेट आणि पॉलिमर ढीगभर होतं, रद्दीला गेलं.

राहण्याचं थोडक्यात. आई दोन महिने सोबत राहिली, मग मेसचा डबा. डब्याला नावं ठेवणार नाही, पण रोज तीच पातळ डाळ. अभ्यासिका घेतली तर पंखा आणि प्लग बघून घ्या. एप्रिल-मेमध्ये लातूरचं ऊन म्हणजे काय सांगायचं, आणि टँकरची वाट बघायची सवय ठेवा. २०१६ ला इथं मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, घरमालक काकू अजून त्याच्याच गोष्टी सांगतात.

रिपीट कुणी करावं? पहिल्या पेपरात ‘घ’ आणि ‘अ’ जास्त असतील त्यांनी जरूर करावं. ‘न’च जास्त असेल तर आधी घरी बसून दोन-तीन धडे स्वतः करून बघा, जमतंय का ते. आणि जुने लोक ‘मराठवाड्याच्या पोरांना ७०:३० मुळं सीट मिळायची’ असं सांगतील. म्हणजे ७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना, ३० टक्के बाहेरच्यांना. तो नियम २०२० ला रद्द झाला, आता यादी सगळ्या राज्याची एकच.

कागदपत्रांचं मात्र निकालाच्या आधी बघा. गेल्या वर्षी सगळं काढलंय म्हणून रिपीटर निवांत असतात. जात वैधता चालते, पण नॉन-क्रीमीलेयर दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. माझं संपलं होतं, आणि निकालानंतर सेतू केंद्रात रांग किती असते ते मग कळलं.