चोरीला गेलेली बंदूक पोलिसांकडून परत घेतली, माझा अनुभव (५ पैकी ३ स्टार)

वडिलांची बाराबोर दुनळी घरफोडीत गेली होती, ती सापडल्याचा फोन आला तेव्हा खरंच डोळ्यात पाणी आलं. पण सापडली म्हणजे लगेच हातात मिळते असं नाही हो, ती पुरावा असते, त्यामुळे केस संपेपर्यंत नाहीतर कोर्टाची सोडायची ऑर्डर येईपर्यंत मुद्देमालाच्या खोलीत पडून राहते, मला १४ महिने लागले. तपास अधिकारी भला माणूस, प्रत्येक फोन उचलला, त्याचे मनापासून आभार. मुद्देमालाच्या खिडकीवर मात्र दरवेळी नवीन कागद मागायचे, एकदाच सगळी यादी द्यायला काय जातं?

सगळ्यात कामाला आला तो सीरियल नंबर. तक्रारीत तो लिहिला होता म्हणूनच जुळली, नाहीतर दुनळ्या सगळ्या सारख्याच दिसतात. आजच नंबर लिहून ठेवा, फोटो काढा, पावती जपा आणि लायसन्स चालू ठेवा. आणि हो, इन्शुरन्सचा क्लेम घेतला असेल तर आधी कंपनीला विचारा, पैसे दिल्यावर बंदुकीवर हक्क त्यांचा असू शकतो.

हातात आली तेव्हा ट्रिगरपाशी सुतळीने चिठ्ठी बांधलेली, दस्त्यावर ठसे घ्यायची काळी पावडर तशीच आणि नळीवर गंजाचे लाल ठिपके. निदान तेलाचं फडकं तरी फिरवायचं, फार वाईट वाटलं. ताब्यात घेतानाच फोटो काढून नोंद करून घ्या आणि कारागिराने नळी तपासल्याशिवाय एकही गोळी झाडू नका, मी अजून झाडलेली नाही.