धरमपेठेतल्या कॅफेत रोश्टी नक्की खा, फॉन्ड्यू सध्या राहू द्या

धरमपेठेत एका कॅफेनं स्विस मेन्यू सुरू केलाय असं कळलं आणि रविवारी आईबाबांना घेऊन गेलोच. कामासाठी दोन वर्षं स्वित्झर्लंडमध्ये बर्नला होतो, त्यामुळे या जेवणावर माझा फार जीव आहे, नागपुरात कोणी ते करतंय याचाच आनंद झाला.

रोश्टी (२८० रुपये) एक नंबर. आधी उकडून गार केलेले बटाटे जाड किसणीवर किसून बटरमध्ये दाबून भाजलेले, काटा लावला की वरचा खरपूस थर करकर वाजतो आणि आत कीस मोकळा. अंडं नाही, मैदा नाही. जर्मनीतला कार्टोफेलपुफर वेगळा, तो कच्च्या बटाट्यात अंडं-पीठ घालून तळतात, आणि पुष्कळ ठिकाणी रोश्टी म्हणून तोच देतात. आई म्हणाली, हा तर आपला उपासाचा बटाट्याचा कीस, फक्त थापलेला! बर्नकडचे शेतकरी पूर्वी हीच सकाळी न्याहारीला खायचे.

फॉन्ड्यूनं (६५० रुपये), म्हणजे पावाचे तुकडे बुडवून खायच्या वितळलेल्या गरम चीजनं, मात्र मन खट्टू झालं. स्टीलच्या वाटीत आणलं, खाली बर्नर नाही, पाच मिनिटांत वर साय धरली, आणि चव चीजपेक्षा मैद्याच्या व्हाइट सॉसची जास्त. अहो, स्वित्झर्लंडात फ्रिबूरकडे अर्धं ग्रुयेर अर्धं वाशरँ अशी दोन चीज घालतात, शेजारी फ्रान्सच्या साव्वात बोफोर, कोंते ही चीज, आणि इटलीच्या आओस्तात फोंतिना चीज, दूध, अंड्याचा बलक, तिथे वाइनसुद्धा नाही. इथे वाइन ठेवत नाहीत हे समजू शकतो, पण वाइनच्या आंबटपणानं चीज गुठळ्या न होता एकजीव राहतं आणि ते काम लिंबूही करतं. जाड भांडं आणि खाली बारीक ज्योत तर हवीच हवी, नाहीतर तळाची खरवड कुठून येणार, तिकडे ती खरडून सगळे वाटून खातात, मला तर तीच सगळ्यात आवडायची.

अजून एक. मेन्यूवर लिहिलंय, 'स्विस भाषेत नमस्कार म्हणजे ग्रुएत्सी'. स्विस अशी एक भाषा नाही हो, जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि रोमान्श अशा चार आहेत, रोमान्शला तर १९३८ साली लोकांनी मतदान करून राष्ट्रभाषा केलं. ग्रुएत्सी झुरिककडचं, बर्नला ग्रुएसेख म्हणतात. जर्मन आणि फ्रेंच भागांमधल्या सीमेला लोक रोश्टीग्राबेन, म्हणजे रोश्टीचा खंदक म्हणतात, हे लिहा ना मेन्यूवर! फ्रान्समध्ये नव्वद म्हणजे चार वीस आणि दहा, स्विस फ्रेंच सरळ नोनांत म्हणतात. आणि जर्मन भागात लिहिताना पुस्तकी जर्मन असली तरी बँकेत, ऑफिसात, घरी सगळे आपापली बोलीच बोलतात, माझा बॉस मीटिंगमध्येसुद्धा बर्नचीच बोलायचा. पुण्यात कॉलेजला असताना मी आपलं नागपुरी 'काहून' (म्हणजे का) म्हणणं सोडलं होतं, ते बर्नला परत तोंडात आलं. म्हणून इथला वाढणारा पोरगा जेव्हा मोकळेपणानं म्हणाला, "भाऊ, थंडं झालं काय? गरम करून आणून देतो ना," तेव्हा फार बरं वाटलं.

मालकांना सगळं सांगितलं, त्यांनी मन लावून ऐकलं, लिंबाचं कागदावर लिहून घेतलं आणि बर्नर मागवतो म्हणाले. पुढच्या महिन्यात परत जाऊन फॉन्ड्यू खाणार आहे, तेव्हा इथेच अपडेट टाकतो. रविवारी संध्याकाळी गेलात तर अर्धा तास थांबावं लागेल.