फळ्यावरचा कोनमापक: अक्षांश मोजायला कसा आहे?

ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची अंशांत मोजली की जवळपास तोच आपला अक्षांश. ती मोजायला सेक्स्टंट (खलाशांचं कोन मोजायचं साधन) हाताशी नसेल, तर शालेय सामानाच्या दुकानातला फळ्यावरचा मोठा कोनमापक घ्यावा आणि त्याच्या मध्यातून ओळंबा सोडून दोरा कुठे येतो ते वाचावं. कंपासपेटीतला नको. त्याची त्रिज्या जेमतेम 5 सें.मी., म्हणजे एक अंश 0.9 मि.मी.चा, दोऱ्याच्या जाडीतच अर्धा अंश जातो. 20 सें.मी. त्रिज्येवर तोच अंश साडेतीन मि.मी. भरतो.

घेताना कोनांचा मध्य नेमका कुठे आहे ते बघा. काहींत तो कडेवर असतो, काहींत थोडा आत. ओळंब्याचा दोरा त्या मध्यातूनच लोंबला पाहिजे, नाहीतर प्रत्येक वाचन चुकतं. लाकडी कोनमापक पावसाळ्यात पीळ खातो, म्हणून प्लास्टिकचा बरा. मूठ काढून टाका, दोरा तिला अडतो.

नेम धरायला सरळ कडेच्या दोन्ही टोकांना टाचण्या लावा आणि त्यांची डोकी पांढरी रंगवा. अंधारात एरवी दिसत नाहीत. स्ट्रॉ अजिबात लावू नका: 20 सें.मी. लांब, 5 मि.मी. रुंद नळीतून जवळजवळ दीड अंश आकाश दिसतं, तारा त्यात कुठेही असू शकतो. ओळंब्याला गळाचं शिसं छान चालतं. वारा असेल तर ते पाण्याच्या भांड्यात बुडवा, झोके थांबतात.

कमान खाली ठेवून तारा दोन्ही टाचण्यांच्या रेषेत आणा. दोरा 71 वर आला तर उंची 90 वजा 71, म्हणजे 19 अंश. मुंबईत साधारण एवढीच येते. मग कोनमापक उलटा फिरवून दुसऱ्या टोकाकडून नेम धरा आणि दोन्ही उंचींची सरासरी घ्या. टाचण्या तिरक्या बसल्या असतील तर ती चूक इथे कटते, त्यामुळे ही पायरी गाळू नका.

ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून सुमारे 0.6 अंश दूर आहे. शर्मिष्ठा हा तारकासमूह त्याच्या वर असेल तेव्हा तेवढे वजा करा, सप्तर्षींचं शेपूट वर असेल तेव्हा मिळवा.

अर्ध्या अंशाची चूक म्हणजे जमिनीवर 55 कि.मी. या किमतीच्या साधनासाठी हे उत्तमच. शिवाय क्षितिज दिसायची गरज नाही, इमारतींच्या गर्दीतही गच्चीवरून काम होतं. हलत्या होडीत मात्र ओळंबा स्थिर राहत नाही. तिथे हा कोनमापक निरुपयोगी आहे. रेखांशही यातून मिळत नाही, त्यासाठी शंकूची (जमिनीत उभ्या रोवलेल्या काठीची) सावली आणि बिनचूक घड्याळ लागतं.