दातांचं क्लिनिंग: नाशिकमध्ये करून घेण्याआधी काय बघाल

कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर, नाशिकरोड, कुठेही जा, दाताच्या दवाखान्याची पाटी दिसते आणि तिच्यावर ‘क्लिनिंग-पॉलिशिंग’ असतंच. इथे कुठल्या एका दवाखान्याला तारे द्यायचे नाहीत, ही सेवाच तपासायची आहे. आमचं मत आधीच सांगतो: चांगलं क्लिनिंग आणि नुसत्या टाकलेल्या पाट्या यांतला फरक महागड्या मशिनवरून कळत नाही. डॉक्टर हिरडी मोजतात का, यावरून कळतो.

दातावर रोज जमणारा मऊ, पांढरट थर म्हणजे प्लाक. तो जिवाणूंचा असतो आणि ब्रशने निघतो. जिथे ब्रश पोचत नाही तिथे लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात मुरायला लागतं. एक-दोन दिवसांतच तो घट्ट होऊ लागतो आणि दीड-दोन आठवड्यांत पक्कं किटण तयार होतं. ते मग कितीही घासलं तरी हलत नाही. बोअरच्या पाण्याने किटण धरतं असं सर्रास ऐकू येतं, पण किटणातला चुना आपल्याच लाळेतला असतो. म्हणूनच ते सगळ्यात जास्त साठतं ते लाळेच्या नळ्या तोंडात उघडतात तिथे: खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या मोठ्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला. जीभ खालच्या दातांच्या मागे फिरवून बघा. दात वेगवेगळे न लागता एकसलग खरबरीत पट्टी लागली, तर ते किटण.

हिरडीच्या वरचं किटण पिवळट असतं, आरशात दिसतं. खालचं काळपट-हिरवट, टणक आणि मुळाला घट्ट चिकटलेलं, ते दिसत नाही. खरी काळजी याचीच करायची. किटण स्वतः काही हिरडी खात नाही. पण त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर ताजा प्लाक कायम टिकून राहतो, त्याला तोंड देता देता हिरडी सुजते आणि पुढे दाताभोवतीचं हाड झिजत जातं. हा झाला पायोरिया. गेलेलं हाड क्लिनिंगने परत येत नाही. उरलेलं वाचतं.

म्हणून खुर्चीत बसल्यावर पहिली गोष्ट व्हायला हवी ती मोजणी. प्रोब नावाची बारीक सळई असते. तपासणीसाठी वापरतात तिच्या टोकाला अर्ध्या मिलिमीटरचा गोल मणी आणि ३.५ ते ५.५ मिमीच्या दरम्यान काळा पट्टा असतो. ती दात आणि हिरडीच्या फटीत हलकेच सरकवतात. फट १ ते ३ मिमी आणि रक्त नाही, म्हणजे ठीक. ४ मिमी किंवा त्याहून जास्त आणि वर रक्त, म्हणजे तिथे पॉकेट, म्हणजे रोगाने खोल झालेली फट, तयार झालंय. पूर्ण नोंद करायची तर एका दाताच्या सहा जागा मोजतात. डॉक्टर “तीन, दोन, तीन… पाच” असं म्हणतायत आणि असिस्टंट लिहून घेतोय, हे कानावर पडलं तर समजा की योग्य जागी आलात. प्रोब न लावता थेट मशिन सुरू झालं, तर कुठे किती खोल जायचं हे कुणालाच माहीत नाही. सर्रास गाळली जाणारी पायरी हीच, आणि तिला लागतात जेमतेम पाच-दहा मिनिटं.

मशेरी लावणाऱ्यांनी, तंबाखू किंवा सिगारेटची सवय असलेल्यांनी तर मोजणीचा आग्रहच धरावा. निकोटीनने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आतून रोग वाढत असतानाही रक्त कमीच येतं. ‘मला कधी रक्त येत नाही’ हा दिलासा त्यांच्या बाबतीत फसवा असतो. मशेरीने दात घट्ट होतात या समजुतीचं मूळही बहुधा इथेच असावं.

मग स्केलिंग, म्हणजे किटण काढणं. अल्ट्रासॉनिक स्केलरचं टोक सेकंदाला साधारण २५,००० ते ४५,००० वेळा कंप पावतं आणि किटणाला तडे पाडतं. सोबत सतत पाणी लागतं, कारण कोरडं टोक तापतं आणि ती उष्णता दाताच्या नसेपर्यंत जाते. टोकाची बाजू दाताला जवळपास समांतर टेकवायची, फार तर पंधरा अंश, आणि हात हलका. टोक उभं रोवलं किंवा दाब दिला तर मुळावर ओरखडे उठतात आणि रुग्णाला सणसणीत कळ येते. ‘स्केलिंगने इनॅमल (दाताचं वरचं कडक आवरण) जातं’ ही ओरड बहुतेक अशाच हातामुळे सुरू झालेली असते. नीट वापरलं तर इनॅमलला धक्का लागत नाही.

टोकही झिजतं. १ मिमी झिजलं की काम साधारण पाव घटतं, २ मिमीला निम्म्यावर येतं. मग डॉक्टर नकळत दाब वाढवतात, वेळ लागतो आणि किटण निघण्याऐवजी घासून गुळगुळीत होतं. असं गुळगुळीत किटण प्रोबलाही लागत नाही आणि तसंच राहून जातं. झीज मोजायचं छोटं कार्ड कंपन्या देतात. ‘टोक कधी बदललं?’ हा प्रश्न रास्त आहे, त्यात उद्धटपणा काही नाही.

मशिननंतर दातांच्या फटींत आणि खोल जागी हातातली हत्यारं, म्हणजे क्युरेट, फिरवावी लागतात. शेवटी हवेने दात कोरडे करून बघायचं: ओलं असताना लपलेलं किटण कोरडं झालं की खडूसारखं पांढरं दिसतं. सगळं नीट केलं तर अर्धा-पाऊण तास जातो. दहा मिनिटांत पुढचे सहा दात चमकवून उठवलं, तर ते क्लिनिंग नव्हे. पॉकेट ५-६ मिमी असतील तर एका बैठकीत उरकतही नाही. भूल देऊन, तोंडाचा एकेक भाग घेऊन खोल सफाई करावी लागते. ती वेगळी उपचारपद्धत आहे आणि तिचे पैसेही वेगळे, तेव्हा आधीच विचारून घ्या.

पॉलिशिंगबद्दल फार बोलण्यासारखं नाही. रबरी कप, पेस्ट, कमी वेग. चहा-तंबाखूचे डाग जातात, जीभ फिरवली की छान वाटतं. दात मूळ रंगापेक्षा पांढरे होत नाहीत, त्याला ब्लीचिंग लागतं. पॅकेजमध्ये दोन्ही एकत्र विकत असतील तर ब्लीचिंग खुशाल वगळा.

स्वच्छतेचं मात्र बारकाईने बघा. हत्यारांचं पाऊच तुमच्यासमोर फाडलं जावं आणि त्यावरच्या खुणेचा रंग बदललेला असावा. ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र, १२१ अंशाला १५ पौंड दाबावर किमान १५ मिनिटं, किंवा १३४ अंशाला ३ मिनिटं चालवतात. स्केलरचं टोकही त्यातून निघायला हवं. स्पिरिटने पुसणं पुरेसं नाही. खुर्चीच्या नळ्यांमध्येही जिवाणूंचा थर धरतो, त्यामुळे दोन रुग्णांच्या मध्ये २०-३० सेकंद पाणी सोडून देतात. जोरदार सक्शन नसेल तर सगळा तुषार खोलीभर उडतो.

आता प्रश्न दर सहा महिन्यांनी क्लिनिंग करायलाच हवं का याचा. वैद्यकीय संशोधनांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात असं दिसलं की गंभीर पायोरिया नसलेल्या आणि नियमित तपासणीला जाणाऱ्या प्रौढांमध्ये ठरावीक मुदतीने स्केलिंग केल्याने हिरड्यांच्या सुजेत दोन-तीन वर्षांत फारसा फरक पडत नाही. म्हणजे ज्याच्या हिरड्या निरोगी आहेत त्याला सहा महिन्यांचा पक्का नेम गरजेचा नाही. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांच्या तपासणीचं अंतर धोका बघून ३ ते २४ महिने ठेवायला सांगितलंय. पण ज्यांनी वर्षानुवर्षं दाताचा दवाखाना पाहिलेला नाही, त्यांनी या निष्कर्षाचा आधार घेऊ नये. तो त्यांच्यासाठी नाही. मधुमेह, तंबाखू, आधी झालेला पायोरिया किंवा दातांना तारा असतील, तर तीन-चार महिन्यांचं अंतरही योग्य ठरतं. मधुमेहाचं तर दुहेरी आहे: साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्यांचा रोग साखर आटोक्यात येऊ देत नाही.

पैशांचा प्रश्न असेल तर पंचवटीतलं कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय हा पर्याय लक्षात ठेवा. दंत महाविद्यालयात विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. खर्च कमी येतो, वेळ जास्त जातो, क्वचित दोन फेऱ्या होतात. पण शिकवण्याचा भाग म्हणूनच मोजणी आणि नोंदी होतात. घाई नसेल तर आम्ही हाच मार्ग सुचवू. सातपूर-अंबडला शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांना संध्याकाळी उघडे असणारे खासगी दवाखाने सोयीचे. तिथे वेळ घेतानाच ‘पॉकेट मोजता का?’ हे फोनवर विचारा.

जाताना औषधांची चिठ्ठी न्या. रक्त पातळ करणारी गोळी परस्पर बंद करू नका, फक्त सांगा. हृदयात कृत्रिम झडप असेल तर आधी अँटिबायोटिक लागतं, पेसमेकर असेल तर काही प्रकारचे स्केलर टाळतात. गरोदरपणात क्लिनिंग चालतं, मधले तीन महिने जास्त सोयीचे.

घरी आल्यावर दोन तक्रारी हमखास येतात. ‘दातांत फटी पडल्या’ आणि ‘दात हलायला लागले’. फटी होत्याच, त्यात किटण भरलेलं होतं. सुजलेली हिरडी ओसरली की त्या आणखी दिसतात. दात हलत असेल तर तो हाड गेल्यामुळे. किटणाने त्याला शेजारच्या दातांशी जखडून ठेवलं होतं, इतकंच. फटींत मावेल त्या मापाचा इंटरडेंटल ब्रश डॉक्टरांकडूनच निवडून घ्या आणि आरशासमोर एकदा वापरून दाखवायला सांगा. क्लोरहेक्सिडीनचा माउथवॉश दिला असेल तर सांगितले तेवढेच दिवस वापरा, लांबवला तर दात तपकिरी पडतात. गार पाण्याने काही दिवस कळ येईल, ती बहुधा आठवडाभरात जाते. तेवढे दिवस द्राक्षं आणि वाइन जपून. दात आंबले असतील तर लगेच ब्रश करू नका, साध्या पाण्याने चूळ भरा आणि अर्धा तास थांबा.