दोन आठवड्यांचा खोकला: आधी छातीचा फोटो की बेडक्याची तपासणी?

खोकला दोन आठवडे हटत नाही, संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन उतरतंय, रात्री घामानं कपडे भिजतात. एवढं असेल तर टीबीची शंका घ्यायलाच हवी. पण लक्षणं नाहीत म्हणून निर्धास्तही राहू नये. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के जण एक्स-रे काढला नसता तर निसटले असते. घरात टीबीचा रुग्ण असेल किंवा मधुमेह असेल, तर खोकल्याची वाट न पाहता डॉक्टरांना विचारून फोटो काढून घ्यावा.

फोटो लगेच निघतो. फुप्फुसाच्या वरच्या भागातला डाग, पोकळी, छातीत साठलेलं पाणी त्यात दिसतं. पण डाग कशाचा, हे तो खात्रीनं सांगत नाही. न्यूमोनिया, कर्करोग, बरा झालेला जुना टीबी, सगळ्यांचे डाग एकमेकांसारखे दिसू शकतात. माझ्या मामांना नुसत्या फोटोवरून टीबीची गोळी सुरू झाली होती. बेडका कुणी तपासलाच नाही. पुढे मामींनी ट्रंकेतून जुनी फिल्म काढली, जुनी आणि नवी दोन्ही खिडकीच्या उजेडात धरल्या. डाग त्याच जागी, तेवढाच. तरुणपणी झालेल्या टीबीचा तो व्रण होता. म्हणून जुने फोटो फेकू नका, तपासणीला जाताना सोबत न्या.

जंतू आहेत की नाहीत, हे बेडका सांगतो. सूक्ष्मदर्शकाखाली दिसायला एका मिलिलिटरमध्ये हजारो जंतू लागतात. सीबीनॅट या जंतूंचा जनुकीय अंश शोधणाऱ्या यंत्र-तपासणीला त्याहून खूप कमी पुरतात. ही तपासणी साधारण दोन तासांत होते आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का, तेही कळतं. तशीच तपासणी करणारं, गोव्यातल्या कंपनीचं ट्रूनॅट छोट्या केंद्रांतही चालतं. सरकारी दवाखान्यात दोन्ही मोफत आहेत. अडचण नमुन्याची. लहान मुलं बेडका गिळून टाकतात, आणि मोठीही डबीत नुसती लाळ देतात. सकाळी उठल्यावर साध्या पाण्यानं चूळ भरा, मोकळ्या हवेत जा, दोन-तीनदा खोल श्वास घ्या आणि छातीतून खोकून घट्ट बेडका काढा.

सीटी स्कॅनने सुरुवात करू नका. त्यात किरणोत्सर्ग साध्या फोटोच्या कित्येक पट असतो, आणि जंतू तोही दाखवत नाही.

माझं मत विचाराल तर खोकला आणि बेडका असेल, तर दोन्ही तपासण्या एकाच दिवशी करा. एकच जमत असेल तर आधी बेडका. बेडका येतच नसेल तर फोटो. फोटोत डाग आणि बेडका निगेटिव्ह, असं आलं तर विषय तिथे संपला असं समजू नका. छातीच्या डॉक्टरांकडे जा, ते पुढची तपासणी ठरवतील. आणि नमुना देईपर्यंत मेडिकलमधून स्वतःच्या मनानं लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक आणून घेऊ नका. त्यानं चार दिवस बरं वाटतं, पण टीबीचे जंतू तात्पुरते दबतात आणि निदान लांबतं.