उडालेल्या रंगांसाठी दा विंची रिझॉल्व्ह (मोफत आवृत्ती)

जुन्या ईस्टमन प्रिंटमधला (कोडॅकच्या रंगीत फिल्मवरची सिनेमाची प्रत) निळसर सायन रंग आधी उडतो आणि चित्र गुलाबी-लाल पडतं. अशा प्रिंटच्या स्कॅनवर काम करायला हे रंग सुधारण्याचं सॉफ्टवेअर उत्तम. पहिल्या नोडवर (रंगबदलाच्या पहिल्या टप्प्यावर), परेड स्कोप (लाल, हिरवा, निळा यांचे शेजारी-शेजारी आलेख) बघत, तिन्ही चॅनलचे काळे-पांढरे बिंदू जुळवा. तरीही लाल चॅनल सपाट दिसला तर आरजीबी मिक्सरमधून (एका चॅनलमध्ये दुसरा मिसळण्याची सोय) त्यात थोडा हिरवा मिसळा. जास्त झाला की कातडी मातकट होते. संदर्भाला टेक्निकलरची डाय-ट्रान्सफर प्रिंट (फिल्मवर रंग ठशासारखे उमटवलेली प्रत) घ्या, तिचे रंग टिकतात. प्रोजेक्टरच्या दिव्याचा पिवळेपणा मात्र हिशेबात धरायलाच हवा, चाहत्यांनी दुरुस्त केलेल्या सिनेमांच्या कितीतरी प्रती इथेच फसतात! खटकणारी गोष्ट एकच: ग्रेन (फिल्मचे बारीक दाणे) आवरणारं नॉइज रिडक्शन फक्त विकतच्या आवृत्तीत आहे.